भुतांची मोजणी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत जेवढी म्हणून भुतं आहेत, ती सगळी माझ्या आतोबांना घाबरून असतात, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. मुंजा असो, हडळ असो, वेताळ असो, नाहीतर ओढ्याकाठी उभी राहणारी एखादी बिननावाची सावली असो. आतोबा कापडी पिशवी खांद्याला लावून तिकडे निघाले की तिनं निमूटपणे दुसरा ओढा बघावा, यातच शहाणपण आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायला घोडेगावला. उभी हयात मोजणी खात्यात गेली. साखळ्या आणि फिते ओढत त्यांनी दोन तालुक्यांतले बांध मोजले, भावाभावांच्या भांडणात दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, आणि रिटायर झाल्यावर माणसं जशी नातवंडं सांभाळतात किंवा भजनी मंडळात जातात, तसे हे भुतांच्या मागे लागले. अंगारा-धुपाऱ्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण भुतं नसतातच, असंही ते म्हणत नाहीत. "भुताला माझा विरोध नाही," ते म्हणतात, "फक्त कागद साफ पाहिजे."

कागद म्हणजे त्यांची वही. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, आणि सातबाऱ्यालाही लाजवील इतके रकाने आखलेली: गाव, ठिकाण, भुताचा प्रकार, पोशाख, दिसण्याची वेळ, पाहणाऱ्याचं नाव आणि शेवटी शेरा. यातला पाहणाऱ्याच्या नावाचा रकाना हे भल्याभल्या भुतांचं मरण. कारण 'लोक म्हणतात' असं तिथे लिहिता येत नाही. ज्यानं सांगितलं त्याला कोणी सांगितलं, त्याला कोणी, असं करत आतोबा मूळ माणसापर्यंत जातात. जातात म्हणजे माझ्या स्कूटरवर मागे बसून जातात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्यानं त्यांची मोटारसायकल परस्पर विकून टाकली, आणि मी नारायणगावला शाळेत शिकवत असल्यामुळे माझे रविवार मोकळे असतात असा त्या दोघांचा समज आहे. एकदा डिंभ्याच्या एका चहावाल्यानं सांगितलं, की धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या देवळाची घंटा अजून वाजते. त्याला कोणी सांगितलं? मंचरच्या एका न्हाव्यानं. न्हाव्याला पारगावला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ड्रायव्हरनं, ड्रायव्हरला त्याच्या जुन्नरच्या मेहुणीनं, मेहुणीला तिच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या एका माणसानं. तीन रविवार आणि चार वेळा पेट्रोल घातल्यावर आम्ही त्या मासळीवाल्याच्या दारात पोचलो, तर तो डिंभ्याचाच निघाला आणि समोरच्या टपरीकडे बोट दाखवून म्हणाला, "मला तर ह्या चहावाल्यानंच सांगितलं की, राव!" चहावाला उखडला. "म्हंजी आमची घंटा खोटी का काय?" आतोबा शांतपणे पेनाला टोपण लावत म्हणाले, "खोटी म्हणत नाही. वारस सापडत नाही एवढंच."

अशा माणसाला लग्नाकार्यात नेणं म्हणजे जोखमीचं काम. मांडवात जेवणं झाली, चार पावणे सतरंजीवर रेलले, कोणीतरी आवाज खाली आणून गोष्ट सुरू केली, बायका पोरांना जवळ ओढून बसल्या, की आतोबा पिशवीतून वही काढतात. एकदा जुन्नरकडचे एक जाडजूड पावणे किल्ल्याच्या पायथ्याला भेटलेल्या शिपायाची गोष्ट सांगत होते. धडावर मुंडकं नाही, हातात तलवार, आणि पावण्यांना बघून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, पाणी द्या. सगळा मांडव गार. आतोबांनी चष्मा वर सरकवला. "मुंडकं नव्हतं ना? मग पाणी मागितलं कशानं? आणि समजा तुम्ही दिलं असतं, तर ओतायचं कुठं?" पावण्यांनी उरलेली जिलबी मुकाट्यानं संपवली आणि पुढे वर्षभर त्या घराशी आमचं येणंजाणं बंद होतं. आत्याचं म्हणणं सरळ आहे. "घरात माणसांची आधारकार्डं सापडत न्हाईत, पन हडळीची फाईल इचारा, लगेच काडून देतील."

वही भरली की आतोबा जागा मोजतात. पहिल्यांदा मलाही हसू आलं होतं, पण त्यांचा हिशोब पक्का होता. भुताला शीव असते, ते आपली हद्द सोडत नाही, असं गावंच सांगतात ना? मग हद्द कायम करून द्यावी! ओतूरच्या अलीकडच्या एका वाडीत पिंपळावर मुंजा होता आणि त्याच्या भीतीनं बायका हातपंप सोडून लांबच्या विहिरीवर जात होत्या. आतोबांनी चार जुनी माणसं गोळा केली, मुंजा कुठवर येतो ते त्यांच्याकडूनच वदवून घेतलं, पिंपळाच्या बुंध्यापासून फिता धरला आणि चुन्याची रेघ मारली. हातपंप रेघेच्या बाहेर पंधरा फुटांवर. दुसऱ्या दिवसापासून बायका पाणी भरायला लागल्या. आतोबा आठवडाभर अशा रुबाबात फिरत होते, जणू तालुकाच स्वतंत्र केला. पण पुढे मंचरच्या बाजारात त्यांना एकानं सांगितलं, की त्या वाडीत एका सायबानं मुंजाला चुन्यानं बांधून घातलंय आणि दर अमावस्येला तो रेघेपाशी येऊन ओरडतो. आतोबा घरी येऊन पडवीत बसून राहिले. "एक पुसायला गेलो," मला म्हणाले, "आणि दुसरं लिहून आलो."

तसे हल्ली भुतांचे दिवसही बरे नाहीत. आमच्याकडे उसात बिबट्या आहे, आणि खऱ्या बिबट्यापुढे भुताची काय मातब्बरी? पूर्वी फडात डोळे चमकले की ऊसतोडीवाले रामनाम घ्यायचे, आता मोबाईल काढतात. "भूत निघालं तर पंचनामा माझा," आतोबा त्यांना सांगून ठेवतात, "बिबट्या निघाला तर वनखात्याचा." थट्टा त्यांना चालते. एका बाबतीत मात्र नाही. त्या मोठ्या वहीशिवाय त्यांच्या पिशवीत एक पातळ वही असते आणि ती ते लग्नाच्या मांडवात कधी काढत नाहीत. तिच्यात बायका आहेत. हिनं म्हशीचं दूध आटवलं, तिनं पोराला नजर लावली, अमकीला देवऋष्यानं नाव घेऊन भुताळी ठरवलं, तमकीचे केस कापून तिला शिवेबाहेर काढलं. म्हातारी माणसं या गोष्टी पीकपाण्याच्या सुरात सांगतात. कढत्या तेलात हात घालून खरंखोटं करायला लावलेल्या एका बाईचा हात आपण पाहिला आहे, असं एका आजींनी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पाहणाऱ्याच्या रकान्यात आजींचं नाव लिहिलं आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. "भुताचं काय वाकडं होणार?" ते म्हणतात. "ते मेलेलंच असतं. चेटकीण जिती असते, पोरी. तिला दगड लागतो." आता कायदा आहे, उघड कोणी हात उचलत नाही. पण बोलणं टाकायला, ती दिसली की पाणवठ्यावरून परत फिरायला कायदा कुठे आडवा येतो?

एका वर्षी चैत्रात घोडेगावच्या बाजारात हिरडा विकायला बसलेल्या एका बाईनं आत्याला सांगितलं, की तळेघरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या चिमाबाई नावाच्या म्हातारीच्या भातखाचराचा बांध मागच्या पावसात वाहून गेला. डोंगरात अशा कामाला पडकई करतात. म्हणजे सगळ्या वाडीनं मिळून आज याच्या खाचरावर राबायचं, उद्या त्याच्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. पण चिमाबाईकडे पडकईला कोणीच जात नाही. कारण तिच्या हातचं खायचं कसं? ती जांभळीच्या माळावरची बाई. भर दुपारी पांढऱ्या लुगड्यात उभी राहते, आणि जो समोरून जाईल त्याला ताप भरतो. बांध घातला नाही तर पावसात उरलेली मातीही जाईल आणि म्हातारीचं भात कायमचं संपेल. आत्यानं हे सगळं आतोबांना सांगितलं आणि वर म्हणाली, "मुंजाला सोडा, आता हितं जावा." आतोबांनी पातळ वही काढली आणि मला फोन केला. "पोरी, गाडी काढ."

हिरडेवालीला तिच्या दिरानं सांगितलं होतं, दिराला वाडीतल्या धोंडीबाबांनी. इतकी आखूड साखळी आतोबांना क्वचितच मिळते. धोंडीबाबा साठी ओलांडलेले, गप्पिष्ट गृहस्थ. आम्हाला घोंगडीवर बसवून त्यांनी कोरा चहा दिला आणि आतोबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाबा, तुम्ही स्वतः पाहिलीत? "म्या न्हाई पायली," बाबा म्हणाले. "मला सायबानं सांगितलं. चाळीसेक वर्सं झाली आसतील. मी तवा गुरं राखायचो. एक मोजणीसायब आला व्हता हितं. तरणाताठा, डोईवर हॅट. तेनं माळावर झेंड्या लावल्या, अन् आमी गुराखी त्या उपटायचो, काठ्या चुलीला बऱ्या व्हत्या. मंग तो म्हनला, ह्या माळावर एक बाई फिरती, पांढऱ्या लुगड्यात. झेंडी उपटली का मागं लागती. आमी न्हाई हात लावला पुन्हा. पुढल्या पावसात तापाची साथ आली. माळावर बाई हाय हे तर ठावं व्हतंच, सायबानंच सांगितलेलं. अन् माळाला लागून घर येकच. चिमाचं. नवरा नुकता मेलेला, आंगावर पांढरं लुगडं." मी आतोबांच्या पेनाकडे बघत होते. पेन हलत नव्हतं. धोंडीबाबा पुढे म्हणाले, "सायब वाईट नव्हता हां. आमाला बिड्या दिल्या. नाव काय ते कोन इचारतंय?"

"हॅट माझ्या भावाची होती," आतोबा म्हणाले.

हे ते इतक्या हळू म्हणाले, की धोंडीबाबांना ऐकूच गेलं नाही, आणि मला ऐकून उमगायला परत फिरून स्कूटरपर्यंत यावं लागलं. आयुष्यभर ज्या माणसानं दुसऱ्यांच्या गोष्टींचा उगम शोधला, त्याला या गोष्टीच्या उगमाशी तो स्वतःच उभा दिसला होता. नवी नोकरी, वरिष्ठांचा धाक, तीन दिवसांत माळ मोजून द्यायचा, आणि झेंड्या टिकत नाहीत. बाविशीतल्या पोरानं चटकन एक बाई उभी केली, काम उरकलं आणि एसटी धरून निघून गेला. ती बाई मात्र तिथेच राहिली.

तिसऱ्या दिवशी मी तोडगा घेऊन गेले. जेसीबी लावू, बांध घालून देऊ, चिमाबाईची एकटीची गाठ घेऊन काय ते सांगू. उगाच गावभर कशाला? खरं सांगते, मला त्यांच्या नावाची काळजी होती. दोन तालुक्यांत भुतांचा कर्दनकाळ म्हणून ज्यांना ओळखतात, त्यांनी उठून म्हणायचं, की हे भूत मीच उभं केलं? आतोबा म्हणाले, "बांध घालेल गं जेसीबी. तिच्या हातची भाकरी कोण खाईल?" आत्या आतून म्हणाली, "मंग ज्यांनी आयकली त्या समद्यांना सांगा की. त्यात काय शरम? खोटं बोलताना व्हती का?" सदतीस वर्षांच्या संसारात आत्याचं एवढं बोलणं आतोबांनी पहिल्यांदाच विनातक्रार ऐकून घेतलं असावं.

आता सगळ्या वाडीला एका जागी जमवायचं कसं? सभेला कोणी येत नाही, कीर्तनाला निम्मे येतात. पण आतोबांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: मोजणीची नोटीस आली तर मेलेला माणूसही उठून येतो, नाहीतर शेजारी बांध सरकवतो. त्यांनी पस्तीस घरांना पस्तीस कागद स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिले. 'जांभळीच्या माळासंबंधी फेरतपासणी करावयाची असून सर्व लगतच्या कब्जेदारांनी समक्ष हजर राहावे.' मी म्हटलं, आतोबा, तुम्ही रिटायर झालात, अशी नोटीस काढणं गुन्हा आहे. "शिक्का दिसतोय का कुठं? जावक नंबर? साधं निमंत्रण आहे. वाचणाऱ्यानं नोटीस समजली तर माझा काय इलाज?"

रविवारी अकरा वाजता माळावर अख्खी वाडी हजर. एकेकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफार, कुणाकडे आजोबाच्या वेळची चिठ्ठी. दोघं तर मोजणी सुरू व्हायच्या आधीच एका करवंदीच्या जाळीवरून भांडायला लागले होते. चिमाबाई आपल्या अंगणाच्या कडेला, सगळ्यांपासून लांब उभी होती. वाळकी, ताठ, कमरेला विळा. आतोबांनी घसा साफ केला आणि जबाब लिहून घेतात त्या सुरात स्वतःचा जबाब वाचला. मी अमुक, राहणार घोडेगाव, त्या वेळी मोजणीस आलो असता झेंड्या उपटल्या जाऊ नयेत म्हणून माळावर बाई फिरते अशी गोष्ट मी माझ्या मनानं रचून सांगितली. मी कोणतीही बाई पाहिली नव्हती. त्यानंतर जे जे झालं, त्याचं मूळ मी आहे.

मागून एक जण म्हणाला, "सायब, ते समदं ठीक हाय, पन माझ्या म्हशीचं दूध आटलं व्हतं त्याचं काय?" आतोबांनी सवयीनं विचारलं, "गाभण होती का?" तो म्हणाला, "व्हती." दोघं-तिघं हसले. धोंडीबाबा मात्र हसले नाहीत. ते पुढे येऊन आतोबांकडे निरखून बघत होते. "तुमीच का ते?" ते म्हणाले. "मंग आमी चाळीस वर्सं भ्यालो कुनाला?"

"मला," आतोबा म्हणाले. "माझ्या खोट्याला."

मग ते चिमाबाईकडे गेले आणि हात जोडून उभे राहिले. ती त्यांना नखशिखांत न्याहाळत म्हणाली, "तवा तुमाला ताक दिलं व्हतं म्या. माळावर कुनी बाई न्हाई हे मला ठावं व्हतं. मीच तर हितं राती-दिवसा ऱ्हायची. मला इचारलं आसतं, तर सांगितलं आसतं." भुतं पाहणाऱ्या शेकडो माणसांना त्यांनी प्रश्न विचारले होते. जिच्यावर गोष्ट रचली गेली, तिला विचारावं हे ना त्यांना कधी सुचलं, ना वाडीला, ना मला. धोंडीबाबा सगळ्यांकडे वळले. "उद्या चिमाच्या बांधाला पडकई. ज्याला यायचं तो या." लोक सातबारे पिशवीत घालून आपापल्या वाटेला लागले. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. फक्त आतोबा म्हणाले, "मी येतो." चिमाबाईनं त्यांच्या पोटाकडे नजर टाकली. "येरवाळीच या. उन्हाचं तुमच्यानं व्हायचं न्हाई."

पडकईला सात जण आले. आतोबा आणि मी धरून नऊ. पुढल्या वर्षी अकरा आले. सगळी वाडी अजून आलेली नाही, आणि काही घरं कधी येणारही नाहीत. खोटं एका वाक्यात सांगता येतं आणि खरं दर वैशाखात घमेलं उचलून सांगावं लागतं, हे आता आम्हाला कळून चुकलंय. आतोबा दर वर्षी जातात. दगड उचलायला ते अगदी निरुपयोगी आहेत आणि चिमाबाई त्यांना तसं सगळ्यांदेखत सांगते. भुतांसाठी अजूनही फोन येतात. "तिथं आसपास कुणी एकटी बाई राहते का?" ते आधी विचारतात. "मग पहिल्यांदा तिच्याकडे जाऊ."

पण मला राहून राहून आठवते ती पहिल्या दिवसाची दुपार. अर्धा बांध उभा राहिला होता, सगळे जांभळीच्या सावलीला बसले होते आणि चिमाबाई घरातून टोपली घेऊन आली. तिनं पस्तीस घरांच्या हिशेबानं नाचणीच्या भाकरी थापल्या होत्या. केव्हापासून थापत होती कोण जाणे. टोपलीकडे आणि आमच्या नऊ डोक्यांकडे तिनं एकदाच बघितलं आणि वाढायला लागली. क्षणभर कोणाचाच हात पुढे झाला नाही. मग धोंडीबाबांनी भाकरी मोडली, आणि बाकीच्यांनीही मोडली. लसणीची चटणी होती, कांदा होता. जेवण झालं, एकेक जण हात धुऊन उठला, तरी टोपली भरलेलीच होती. आतोबांना साखर आहे. आत्यानं त्यांना दीड भाकरीवर बांधून ठेवलंय आणि माझ्याकडून तशी शपथही घेतलीय. त्यांनी तीन संपवल्या होत्या. चिमाबाई टोपलीवर फडकं झाकत होती. आतोबांनी आपली थाळी पुढे केली.

"बाई," ते म्हणाले, "अजून एक वाढा."